स्ट्रीट फायटर ६ : सहा बार हातात असून हरतो कशाने?

रात्रपाळी :

पाचव्या भागात व्ही-गेज (खास चालींसाठीची ताकदीची पट्टी) रिकामा सुरू व्हायचा. मार खाल्ला किंवा व्ही-स्किल वापरलं की तो भरायचा, आणि भरला की व्ही-ट्रिगर. म्हणजे हरत आलेल्या माणसाच्या हातात शेवटी शेवटी एखादं हत्यार हमखास यायचं. सहाव्यात सगळं उलटं आहे. राउंडची घंटा व्हायच्या आधीच ड्राइव्ह गेजचे, म्हणजे इथल्या ताकदीच्या पट्टीचे, सहाही बार भरलेले असतात. काही कमवायचं नाही. उधळायचं कुठे आणि राखायचं कुठे, एवढंच ठरवायचं.

माझं म्हणणं असं, की गोल्ड-प्लॅटिनमपर्यंतच्या बऱ्याचशा हारी समोरच्याच्या कर्तबगारीने होत नाहीत. आपणच गेज उडवतो, बर्नआउटमध्ये (गेज पार संपलेल्या अवस्थेत) जातो आणि मग कोपऱ्यात उभे राहून मार खातो. ओव्हरड्राइव्हला (स्पेशल मूव्हची जोरदार आवृत्ती) दोन बार, ड्राइव्ह रिव्हर्सलला (ब्लॉक करता करता उलटा धक्का) दोन, ड्राइव्ह इम्पॅक्टला (फटके झेलत मारायचा दणका) एक, पॅरीतून (फटका झेलून परतवण्यातून) ड्राइव्ह रशला (पुढे झपकन धावणं) एक. आणि नॉर्मल (साधा फटका) अर्ध्यात तोडून, म्हणजे कॅन्सल करून, रश मारलात तर थेट तीन. दोन कॅन्सल रश म्हणजे दुकान बंद.

त्यात हा गेम चावट आहे. तीन बार लागणाऱ्या गोष्टीला एकच बार शिल्लक असला तरी तो अडवत नाही. करू देतो, आणि लगेच बर्नआउट दाखवतो.

आता प्रश्न मोडचा. फायटिंग ग्राउंड (सामने आणि ट्रेनिंग), वर्ल्ड टूर (एकट्याने खेळायची कथा), बॅटल हब (ऑनलाइन अड्डा) असे तीन भाग आहेत. यातला कुठला भाग ही गेजची अक्कल खरोखर शिकवतो? मी वर्ल्ड टूर पूर्ण करून रँक्डमध्ये (क्रमवारीच्या ऑनलाइन सामन्यांत) आलेले बरेच जण बघितले. बटणं सफाईने दाबतात, कॉम्बो येतात, पण पहिल्या वीस सेकंदांत गेज शून्य. तुमचं काय निरीक्षण?

---

बटणदाबी :

मी वर्ल्ड टूरवाला. हजर आहे.

तो मोड मला तरी प्रचंड आवडला. स्वतःचा अवतार बनवायचा, मेट्रो सिटीत भटकायचं, डोक्यावर खोका घातलेले गुंड अंगावर आले की हाणायचे. ल्यूकपासून सुरुवात होते, मग एकेक गुरू भेटत जातो. ल्यूकची शैली ठेवून त्यावर झांगीफचा पाइलड्रायव्हर आणि चुन-लीच्या लाथा चढवता येतात. असं दुसऱ्या कुठल्या फायटिंग गेममध्ये मिळतं सांगा.

गेजचं म्हणाल तर तिथे तो कधी संपला हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

---

फ्रेमवेडा :

शेवटची ओळ हेच धाग्याचं उत्तर आहे :)

वर्ल्ड टूरमध्ये नुकसान ठरतं ते लेव्हल आणि कपड्यांच्या आकड्यांवर. रक्त (जीवाची पट्टी) कमी झालं तर लढाई थांबवून पिशवीतली वस्तू वापरायची, परत फुल. म्हणजे बर्नआउटची शिक्षा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय तिथले गुंड ठरावीक ठेक्यात हल्ला करतात, तुमचा गेज संपलाय हे ओळखून अंगावर येत नाहीत. माणूस येतो.

बर्नआउटमध्ये नेमकं काय होतं ते एकदा लिहून ठेवतो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की फक्त गेज राखाडी होतो.

पहिलं, ड्राइव्हची सगळी कामं बंद. पॅरी नाही, इम्पॅक्ट नाही, रश नाही, ओव्हरड्राइव्ह नाही. सुपर आर्ट (सगळ्यात मोठे हल्ले) मात्र चालतात, त्यांचा गेज वेगळा आणि तो एका राउंडमधून दुसऱ्यात टिकतो.

दुसरं, ब्लॉक केल्यावर ४ फ्रेम (फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) जास्त अडकून राहता. हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्यावर अख्खं गणित फिरतं. एरवी ब्लॉक झाल्यावर मारणाऱ्याला थोडा तोटा देणारा हल्ला आता त्यालाच फायद्याचा होतो. तो मारत राहतो, तुमची पाळी येत नाही.

तिसरं, स्पेशल मूव्ह ब्लॉक केल्या तरी रक्त जातं आणि त्याने राउंडही जाऊ शकतो.

चौथं, आणि सगळ्यात वाईट. पाठ भिंतीला असताना समोरच्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट ब्लॉक केलात तर सरळ स्टन, म्हणजे हलताच येत नाही. मग तो निवांत हवा तो कॉम्बो लावतो.

म्हणून शेवटचा बार हा शेवटचा बार नसतोच. तो गेला की या चारही गोष्टी एकदम अंगावर येतात.

---

जुनाजॉयस्टिक :

रात्रपाळी, मुद्दा बरोबर आहे, पण पाचव्या भागाशी तुलना करून थांबू नका. मागे जा.

चौथ्यात फोकस अटॅक होता, एक फटका अंगावर झेलून उलटा मारायचा. तिसऱ्यात (१९९७) पॅरी आली, आणि ती फुकट होती. समोरचा फटका बसायच्या क्षणी पुढे टिचकी मारायची, खालचा असेल तर खाली. एकही बार लागत नव्हता, पण वेळ चुकली की तोंडावर. २००४ च्या इव्होमध्ये (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) डाइगो या खेळाडूने जस्टिन वाँगच्या चुन-लीच्या सुपरचा एकेक फटका पॅरी केला, तो प्रसंग लोक अजून का बघतात? रक्ताचा थेंब शिल्लक नव्हता आणि प्रत्येक टिचकीवर सामना टांगलेला होता.

सहाव्यात हे दोन्ही जुने विचार एकाच गेजमध्ये कोंबलेत. इम्पॅक्ट म्हणजे फोकसची पुढची पिढी, दोन फटके झेलतो. पॅरी परत आली, पण धरून ठेवता येते, वरचा-खालचा ओळखावा लागत नाही, उडी मारून पाठीमागून आलेलाही अडतो. एवढी सोय दिली म्हणून तिच्यावर भाडं लावलंय. धरून ठेवाल तितका गेज गळतो, आणि धरलेली असताना कोणी येऊन थ्रो केला (पकडून आपटलं) तर तो पनिश काउंटर, म्हणजे चुकीच्या वेळी सापडल्याची जादा शिक्षा.

परफेक्ट पॅरीची खिडकी दोनच फ्रेमची आहे. ती साधली की पडदा गोठतो आणि मोठा हल्ला करायची संधी मिळते. मात्र त्यानंतरच्या कॉम्बोचं नुकसान निम्म्यावर येतं. हे मला आवडलं. नाहीतर वरच्या पातळीचे खेळाडू सगळा सामना पॅरीवरच काढते.

---

मधली_लाथ :

इतिहास झाला असेल तर मॉडर्नवाल्यांनी बोलावं का? :)

---

रात्रपाळी :

बोल की. तुझीच वाट बघत होतो.

---

मधली_लाथ :

मी पहिल्या दिवसापासून मॉडर्न (सोप्या बटणांची पद्धत; जुनी ती क्लासिक) खेळते आणि ‘एका बटणाचे खेळाडू’ हे ऐकून कान किटलेत. लाइट, मीडियम, हेवी, आणि एक स्पेशलचं बटण. दिशा आणि बटण, की हादोकेन. सुपर दोन बटणांत. बदल्यात नुकसान ८० टक्केच होतं आणि काही नॉर्मल मूव्ह हातातूनच जातात. हा सौदा आहे, कोणी भीक घातलेली नाही.

गेजबद्दल मात्र आमच्या बाजूचा एक धोका सांगते, जो क्लासिकवाल्यांना कळणार नाही. असिस्ट धरून बटण दाबत राहिलं की कॉम्बो आपोआप होतो, आणि तो कॉम्बो तुमच्या खिशातून खर्च करतो. गेज असेल तर ओव्हरड्राइव्ह मारून मोकळा, सुपरचा गेज असेल तर सुपरही. समोरच्याचं रक्त चिमूटभर उरलंय, एका लाथेत पडला असता, आणि आपण त्याच्यावर सुपर फोडून बसलो. मॉडर्नवाला सिल्व्हर-गोल्डमध्ये अडकतो तो यानेच. असिस्ट कॉम्बो फक्त राउंड संपवायला वापरायचा, बाकी वेळी हाताने जोडायचं, हे समजलं की गाडी पुढे सरकते.

---

फ्रेमवेडा :

एक दुरुस्ती. ८० टक्के हे एका बटणाने काढलेल्या स्पेशल आणि सुपरलाच लागू आहे. मॉडर्नमध्येही तीच मूव्ह स्टिक फिरवून काढली तर पूर्ण नुकसान मिळतं. म्हणून वरचे मॉडर्न खेळाडू कॉम्बोमध्ये स्टिक फिरवतात आणि एका बटणाची सोय ठेवतात ती समोरचा उडी मारून आला की खाली पाडायला, किंवा त्याने इम्पॅक्ट टाकला की सुपरने भेदायला. असिस्टबद्दल सहमत.

---

मधली_लाथ :

हो, तेच. नॉर्मल मूव्हना तर काही कपातच नाही.

---

कोपऱ्यातला_गडी :

तुम्ही सगळे गेज गेज करताय. माझा झांगीफ एकदा जवळ पोचला की तुमचा गेज भरलेला असो की रिकामा, फरक पडत नाही.

थ्रोवर कोणी बोलणार आहे का? कोपऱ्यात थ्रो बसला की उठताना परत तोच प्रश्न: पुन्हा थ्रो येतोय की फटका? थ्रो तोडायला बटण दाबलं आणि तो एक पाऊल मागे सरकला, तर तुझा हात हवेत आणि पनिश काउंटर तुझ्यावर. ब्लॉक करत बसलास तर परत थ्रो. सर्वसाधारण थ्रोचे १२०० जातात, बहुतेक पात्रांचं रक्त १०,००० असतं, मोजा किती वेळात राउंड संपतो ते. मी स्वतः पकडापकडी करणाऱ्यातला, तरी म्हणतो की कोपऱ्यातलं हे चक्र या गेममधलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण आहे.

---

जुनाजॉयस्टिक :

कंटाळवाणं आहे, मान्य. पण कोपऱ्यात गेलास कसा? बहुधा ड्राइव्ह रशने रेटत नेलं म्हणून. रशनंतरच्या नॉर्मलला ४ फ्रेमचा जादा फायदा मिळतो, म्हणून समोरच्याला दोन धक्क्यांत भिंतीला लावता येतं. २०२३ च्या इव्होत अँग्रीबर्ड या खेळाडूने केन हे पात्र घेऊन मेनाआरडीला फायनलमध्ये हरवलं, तो खेळ बघा. केन धावतच असतो. मैदानाचा मध्य नावापुरता उरतो.

म्हणजे थ्रोचं दुखणंही शेवटी रशपाशी, आणि रश गेजपाशी. मी विषयावरच आहे हां, रात्रपाळी.

---

बटणदाबी :

मला ड्राइव्ह इम्पॅक्टने रडवलंय. शाई उडाल्यासारखा रंग दिसतो, आवाजही येतो, पण हात हलेपर्यंत मी भिंतीत. समोरचे तेच तेच टाकत राहतात.

---

फ्रेमवेडा :

२६ फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी. लक्ष त्याच्यावरच असेल तर जमतं, तू स्वतःच्या बटणांत गुंतलेला असशील तर नाही जमत. म्हणून समोरचा तो टाकतो तेव्हा बहुधा तू काहीतरी मारत असतोस.

उत्तरं चार आहेत. उलटा इम्पॅक्ट टाकायचा, तू उशिरा टाकतोस म्हणून तुझाच बसतो. जवळ असशील तर थ्रो. तीन फटके पटापट बसणारी मूव्ह असेल तर त्याचं कवच तुटतं. किंवा सुपर. आणि मैदानाच्या मध्यात असशील तर नुसता ब्लॉक केलास तरी जगबुडी होत नाही. भिंत जवळ असेल तेव्हा मात्र ब्लॉक करूनही आपटतोस, तिथे उलटा इम्पॅक्ट हाच पहिला विचार.

सराव असा कर. ट्रेनिंगमध्ये डमीच्या एका रेकॉर्डिंगमध्ये इम्पॅक्ट ठेव, दुसऱ्यात थ्रो, तिसऱ्यात साधी खालची लाथ, आणि ती आलटून-पालटून लाव. नुसता इम्पॅक्टच लावून सराव केलास तर तू वाट बघत बसतोस आणि खऱ्या सामन्यात त्याचा उपयोग शून्य. सराव करताना तूही काहीतरी मारत राहा, पुढे-मागे चालत राहा. ऑनलाइनचा उशीर गृहीत धरायचा असेल तर त्याचंही सेटिंग आहे.

ट्रेनिंग मोडबद्दल बोलायचं तर हा भाग इतर दोन्हींपेक्षा भारी झालाय. खालची फ्रेम मीटरची पट्टी बघितली का? मूव्ह सुरू कधी होते, फटका कधी लागतो, सावरायला किती लागतं, सगळं रंगांत समोर. आधी यासाठी वेगळे तक्ते पाठ करावे लागायचे.

---

रात्रपाळी :

ट्रेनिंग मोड भारी आहेच. पण त्यातही गेजचं सेटिंग बदललं नाही तर संपलेला गेज लगेच भरून मिळतो, आणि तिथेच वाईट सवय लागते. कॉम्बो शिकताना सगळे तीन बारचा रश कॅन्सल दोनदा घालतात, कारण नुकसानाचा आकडा मोठा दिसतो. त्यानंतर समोरचा जिवंत राहिला तर काय, हे ट्रेनिंग विचारतच नाही. मी तर म्हणेन गेज आपोआप भरणं बंद करून सराव करा. कॉम्बो ट्रायलपेक्षा कॅरॅक्टर गाइड आधी बघा. ट्रायल बोटांना शिकवते, गाइड सांगतो की ही मूव्ह नेमकी कुठल्या प्रसंगी काढायची.

---

मधली_लाथ :

आर्केड मोडला (संगणकाशी ओळीने लढायचे सामने) सगळे विसरलात. पाचवा भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात आर्केड मोडच नव्हता, लोकांनी केवढा दंगा केला होता. तो यायला जानेवारी २०१८ ची आर्केड एडिशन उजाडावी लागली. सहाव्यात पहिल्यापासून आहे, तर कोणी ढुंकून बघत नाही!

त्यातला बास्केटबॉल पॅरी करायचा बोनस टप्पा खेळा. चेंडू येतात, वेळेवर पॅरी करायची. हसत-खेळत पॅरीचा हात बसतो.

---

कोपऱ्यातला_गडी :

एक्स्ट्रीम बॅटल पण आहे बरं का. मैदानात मध्येच बैल घुसतो, बॉम्ब पडतात. शिकायला काही नाही, पण दोघं एका सोफ्यावर असाल आणि एकाला काही येत नसेल तर त्याच्याइतकी मजा कशात नाही. माझ्या पाइलड्रायव्हरच्या मध्ये बैल आला की मात्र डोक्यात जातं.

डायनॅमिक कंट्रोलही त्याच कामाचे. बटण दाबा, काय मारायचं ते गेम ठरवतो. ऑनलाइन चालत नाही, आणि ते बरंच आहे.

---

बटणदाबी :

बॅटल हबमध्ये अवतार घेऊन लढलो तर सराव होईल का?

---

फ्रेमवेडा :

नाही. तिथे परत लेव्हलचा खेळ. समोरच्याचा अवतार कसून वाढवलेला असेल तर तू कितीही नीट खेळ, एका कॉम्बोत साफ. हबचा खरा उपयोग मांडलेल्या मशिनवर बसण्याचा. एखाद्या मशिनवर जाऊन बस, कोणी समोर येतो, सामना होतो, हरलास तरी रँक हलत नाही. लगेच पुन्हा त्याच्याशीच खेळता येतं. एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा खेळल्यावर तो गेज कुठे घालवतो हे दिसायला लागतं, रँक्डमध्ये तेवढा वेळ मिळत नाही. कंटाळा आला तर जुने फायनल फाइट, स्ट्रीट फायटर २ खेळत बस.

---

रात्रपाळी :

हे खरं. आणि समोरच्याचा गेज बघायची सवय लावणं हा माझ्या मते आपला गेज राखण्याहून मोठा भाग आहे. पनिश काउंटर बसला की समोरच्याचा गेज जातो. त्याने ब्लॉक केलं तरी झिजतो. तिसऱ्या पातळीचा सुपर बसला तर त्याच्या गेजला मोठं भगदाड पडतं. म्हणजे रक्त आणि गेज अशा दोन पट्ट्या तुम्ही एकाच वेळी खाली आणत असता. समोरचा दोन बारांवर आला की मी कॉम्बोत जास्त नुकसान शोधत नाही. त्याला ब्लॉक करायला लावत राहतो.

उलट बाजूने, गेज भरायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पुढे चालणं. नुसतं चाललं तरी तो लवकर भरतो. मागे मागे सरकणाऱ्याला कोपराही मिळतो आणि गेजही उशिरा भरतो.

---

जुनाजॉयस्टिक :

यात पात्रानुसार फरक पडतो, तेही लिहा कोणीतरी. मॅनोंचं पदकांचं प्रकरण घ्या. तिची पकड बसली की पदक वाढतं, पाचापर्यंत, आणि पुढच्या राउंडमध्येही टिकतं. त्यामुळे पहिल्या राउंडमध्ये तिने गेज उधळून दोन-तीन पदकं मिळवली तर तो खर्च पुढे वसूल होतो. जेमीचं उलट. तो लढता लढता पितो, आणि त्याचे चार घोट प्रत्येक राउंडला शून्यापासून. प्यायला वेळ लागतो, म्हणून तो सतत समोरच्याला खाली पाडायच्या मागे. त्याने एका राउंडमध्ये गेज उधळून घोट मिळवले तरी पुढच्यात ते हाती राहत नाहीत. गेज सगळ्यांना सारखाच सहा बारांचा, पण खर्चाचं गणित प्रत्येकाचं वेगळं.

जेपीशी खेळताना तर मी पॅरीवरच जास्त खर्च करतो. लांबून काटे उगवत असतात, नुसतं ब्लॉक करत बसलं तर गेज झिजत जातो. पॅरीत निदान थोडा परत मिळतो.

---

मधली_लाथ :

मॅनोंच्या पदकांना +१. पाच पदकं झालेली मॅनों समोर असली की मी उडीच मारत बसते, आणि तिला तेच हवं असतं.

---

बटणदाबी :

शेवटचा प्रश्न, मग पळतो. कोपऱ्यात उठताना पॅरी धरून ठेवली तर? वरचं-खालचं सगळंच अडतं ना?

---

कोपऱ्यातला_गडी :

जरूर धर. मी थ्रो करणारच आहे. पॅरीवर थ्रो म्हणजे पनिश काउंटर, १२०० ऐवजी २०४० जातील.

---

फ्रेमवेडा :

त्याचं ऐकू नकोस आणि पॅरीही धरू नकोस. कोपऱ्यात उठताना आधी समोरच्याची सवय बघ. पहिल्या दोन वेळा नुसता ब्लॉक कर, थ्रो खाल्लास तर खा. तिसऱ्या वेळी तो थ्रोलाच येतोय असं दिसलं तर सरळ वर उडी. थ्रो हवेत जातो आणि खाली येताना पूर्ण कॉम्बो तुझा. झांगीफ असेल तर आणखीच लवकर उडी, त्याची पकड तोडता येत नाही.